चित्रित पोथी आणि तिची यथामूल प्रत

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार मराठी घरांतून नित्य कानी पडतो. कोणाच्या कष्टांवर हरताळ फासला जातो, तर कोणाच्या बेतावर. परंतु हा हरताळ म्हणजे मुळात काय वस्तू, याचा विचार बोलणाऱ्याच्या मनात क्वचितच येतो. हरताळ हे पिवळ्या रंगाचे एक खनिज होय. जुने लेखक बोरूने पोथी लिहीत असता एखादे अक्षर चुकले, की त्यावर हरताळाचा लेप देत. जुन्या कागदाच्या पिवळट रंगात तो लेप मिसळून जाई आणि वाचणाराच्या दृष्टीला ते अक्षर दिसेनासे होई. लिहिलेले नाहीसे करण्याच्या या रीतीवरून तो वाक्प्रचार रूढ झाला.

चुकीच्या अक्षरावर हरताळ फासणे हे लेखकाचे कर्तव्यच होते. परंतु पोथीत लिहिलेले किंवा रंगविलेले जे चुकीचे नव्हते, केवळ नकोसे झाले होते, तेही कित्येकदा असेच पुसले गेले आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात असे एक चित्रित हस्तलिखित आहे. त्यातील चित्रांत राजाच्या शेजारी बसलेल्या राणीची आकृती नंतर कोणीतरी हेतुपूर्वक नाहीशी केली. अशा पोथीची हुबेहूब प्रत करावयाची झाली, तर राणी जेथे पुसली गेली आहे तेथे प्रतीत काय दाखवावे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आणि यथामूल प्रत, जिला पाश्चात्त्य भाषांत 'फॅक्सिमिली' म्हणतात, ती कशाला म्हणावे याचे उत्तर त्या प्रश्नातच दडलेले आहे.

प्रथम त्या पोथीची ओळख करून घेणे इष्ट होईल. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदपत्रांकरिता सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या संग्रहातील हे फारसी काव्य मराठ्यांच्या राज्याहून शंभर वर्षांनी जुने आहे. त्याचे नाव 'तारीफ-इ-हुसेनशाही'. आफताबी या टोपणनावाने लिहिणाऱ्या कवीने अहमदनगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशहा याच्या स्तुतीप्रीत्यर्थ ते रचले. हुसेन १५५३ मध्ये गादीवर आला. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दक्षिणेतील सुलतान एकत्र आले आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, तीत त्याने प्रमुख भाग घेतला. रामराय पकडला गेला व हुसेनच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद झाला. परंतु विजयाचे सुख हुसेनला फार दिवस लाभले नाही. त्याच वर्षी तो मरण पावला.

त्याच्या मागे मुर्तजा हा मुलगा गादीवर आला. पण राज्यकारभाराची सूत्रे हुसेनची राणी खुंजा हुमायून हिच्या हाती राहिली. मराठी वाचकाला हे नाव कदाचित अपरिचित वाटेल. तिच्या कन्येचे नाव मात्र शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पुढे मोगलांच्या सैन्याशी झुंजून अहमदनगरचा किल्ला राखणारी चांदबिबी ती हीच. खुंजा हुमायूनने सुमारे चार वर्षे कारभार पाहिला. १५६९ च्या सुमारास मुर्तजाने व त्याच्या पक्षाच्या सरदारांनी तिला कैद केले, आणि तिची सत्ता संपली.

या काव्यात बारा चित्रे आज अवशिष्ट आहेत. दख्खनच्या चित्रकलेचा जो इतिहास उपलब्ध आहे त्याच्या अगदी आरंभी अभ्यासक या चित्रांना स्थान देतात. दरबार, विवाह, अंतःपुर असे प्रसंग त्यांत आहेत, आणि तालिकोटच्या रणाची चित्रेही आहेत. रामरायाच्या शिरच्छेदाचा प्रसंगसुद्धा चित्रकाराने सोडलेला नाही. ही चित्रे पाहताना एका घरात दोन भाषा बोलल्या जात असाव्यात तसा भास होतो. सोनेरी आकाश व रचनेची घडण इराणकडची आहे. स्त्रियांचा पेहराव मात्र इकडचा आहे: अंगात चोळी, पाठीवर रुळणारी लांब वेणी. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने वृक्षाला बहर येतो असा देखावा आहे. ही कल्पना संस्कृत काव्यांत 'दोहद' या नावाने प्रसिद्ध असून प्राचीन लेण्यांच्या व स्तूपांच्या शिल्पांत ती वारंवार कोरलेली आढळते. फारसी काव्याच्या पानावर, एका सुलतानाच्या पदरी असलेल्या चित्रकाराच्या हातून ती पुन्हा अवतरली आहे.

आता राणीविषयी. मुसलमानी दरबारातील चित्रांत राजपत्नीचे असे उघड दर्शन विरळा. या पोथीत मात्र ती राजाच्या निकट, सिंहासनावर, बरोबरीच्या मानाने दाखविली होती. कालांतराने बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली गेली वा रंगाने झाकली गेली. राजा आहे, सिंहासन आहे, सेवक आहेत. राणीच्या जागी डाग आहे. तिच्या पदच्युतीनंतर हे झाले असावे, असे अभ्यासक मानतात.

इतिहासाच्या दृष्टीने हा डागच मोठा बोलका साक्षीदार आहे. काव्यात तालिकोटचा विजय वर्णिला आहे; त्या अर्थी ते १५६५ च्या आधीचे असू शकत नाही. राणीला चित्रांत इतका मान दिला आहे, त्या अर्थी ती कैदेत पडण्यापूर्वी, म्हणजे १५६९ पूर्वी, ही चित्रे काढली गेली असली पाहिजेत. तिचीच आकृती नेमकी नाहीशी केली आहे, त्या अर्थी तिच्या शत्रूंच्या काळी पोथी त्यांच्या हाती होती. येणेप्रमाणे पोथीचा काळ चार वर्षांच्या आत निश्चित करता येतो, आणि एका राजगृहातील कलहाचा पुरावाही हाती लागतो. ज्याने राणीचे मुख पुसले त्याची इच्छा तिची आठवण उरू नये अशी होती. परंतु पुसलेली जागा पाहूनच आज प्रत्येकजण विचारतो, की येथे कोण होती?

हे चित्र प्रत्यक्ष पाहावयाचे, तर पुण्याला जावे लागते. भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावी एखाद्या गृहस्थाला वा विद्यार्थ्याला या विषयाची आवड असली, तर त्याच्या व त्या पोथीच्या मध्ये सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. पुण्याला पोचल्यावरही अशी पोथी कोणाच्याही हाती देता येत नाही, आणि न देणेच योग्य होय. प्रकाशाने रंग उडतात, बोटांच्या घामाने कागद मळतो, पान उलटताना रंगाचे पापुद्रे सुटतात. चित्रकार हिरव्या रंगासाठी तांब्यापासून केलेला जंगाल वापरत, तो तर कालांतराने कागदालाच खातो. जतन करावयाचे तर दाखवता येत नाही, आणि दाखवावयाचे तर झीज होते, अशी ही अडचण आहे. तिच्यातून जे मार्ग निघाले त्यांत यथामूल प्रत हा एक होय.

पोथीचे दुसरे रूप करण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ देणे बरे नव्हे. पहिला प्रकार प्रतिलिपीचा. पोथीवरून दुसरी पोथी हाताने उतरवून घेणे ही आपल्याकडील जुनी रीत होय. भंडारा हे गाव महानुभाव पंथाच्या इतिहासात ठळकपणे येते. चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकार हे तेथलेच. म्हाइंभटांनी रचलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्रात नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणीतून तो ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे पंथाची परंपरा सांगते. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ झाले. प्रतिलिपीने ग्रंथाचे प्राण वाचतात. परंतु प्रत्येक नव्या हाताबरोबर त्यात काही नवे शिरते. पोथीच्या शेवटी जुने लेखक, जसे पाहिले तसे लिहिले, चूक असल्यास दोष देऊ नये, अशी विनवणी करीत, ती उगीच नव्हे.

दुसरा प्रकार संशोधित आवृत्तीचा. पाठ तपासून, शुद्ध करून, टीपा जोडून ग्रंथ छापावयाचा. 'तारीफ-इ-हुसेनशाही'ची अशी आवृत्ती डॉ. गो. त्र्यं. कुलकर्णी व डॉ. म. श्री. माटे यांनी मूळ पाठ, भाषांतर व प्रस्तावना यांसह सिद्ध केली, आणि मंडळाने ती १९८७ साली प्रसिद्ध केली. फारसी न जाणणाऱ्यास तिच्यामुळे या काव्याचे दार उघडले. आवृत्ती ग्रंथाचा अर्थ हाती देते.

तिसरा प्रकार यथामूल प्रतीचा. हिचे काम ग्रंथ ही वस्तू हाती देण्याचे आहे. 'फॅक्सिमिली' या शब्दाचा लॅटिन भाषेतील अर्थ 'सारखे कर' एवढाच. पानांचा आकार, त्यांची संख्या व क्रम, ओळींची मांडणी, रंग, सोने, कसरीने पाडलेली छिद्रे, पाण्याचे डाग, समासातील परक्या हाताची टिपणे, कोरी सोडलेली पाने, हे सारे तीत जसेच्या तसे यावे लागते. निवडक सुंदर चित्रांचा संग्रह ही यथामूल प्रत नव्हे. निवड झाली की निवडणाराची आवड मध्ये आली.

या कलेचा युरोपात मोठा विस्तार झाला, आणि तेथे ज्या पोथ्यांच्या यथामूल प्रती फार आवडीने केल्या गेल्या त्यांत स्पेनमधील 'मोझारबी' पद्धतीच्या पोथ्या आहेत. त्यांची गोष्ट अहमदनगरच्या पोथीशी एका आश्चर्यकारक रीतीने जुळते. ७११ मध्ये मुसलमानी सैन्य स्पेनमध्ये उतरले व त्या देशाचा मोठा भाग त्यांच्या सत्तेखाली आला. त्यांच्या राज्यात राहून अरबी चालीरीती उचललेल्या ख्रिस्ती लोकांना मोझारब म्हणत. 'अरबांसारखा झालेला' अशा अर्थाच्या अरबी शब्दावरून ते नाव पडले. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर स्पेनमधील लिएबाना येथील बेआतुस नावाच्या संन्याशाने बायबलाच्या अखेरच्या, जगाच्या अंताचे वर्णन करणाऱ्या प्रकरणावर भाष्य लिहिले. पुढील शतकांत मठामठांतून त्याच्या सचित्र प्रती झाल्या. तांबड्या, पिवळ्या, निळ्या रंगांचे आडवे पट्टे, त्यांवर टपोऱ्या डोळ्यांच्या सपाट आकृती, आणि मशिदींत असतात तशा घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी, ही त्यांची खूण. वास्तविक या पोथ्या बहुतांशी उत्तरेकडील ख्रिस्ती राज्यांतील मठांत सिद्ध झाल्या, म्हणून मोझारबी हे नाव काही पंडितांना अपुरे वाटते. तथापि ग्रंथ ख्रिस्ती आणि कमान अरबी, हा संगम कोणाच्याही नजरेत भरतो. फारसी काव्यातील चोळी नेसलेल्या स्त्रियांची येथे आठवण व्हावी, हे साहजिकच आहे.

या पोथ्यांपैकी एक हिरोना शहराच्या ख्रिस्ती महामंदिरात आहे. ती ९७५ साली पूर्ण झाली. तिच्या अखेरच्या मजकुरात ती सिद्ध करणाऱ्यांची नावे दिली आहेत. त्यांत एमेतेरिउस या धर्मगुरूच्या नावाबरोबर 'एन्' अथवा 'एन्दे' असे वाचले जाणारे एक नाव आहे, आणि ती चित्र काढणारी स्त्री व ईश्वराची साहाय्यकारिणी होती, असे स्पष्ट लिहिले आहे. युरोपातील ज्या स्त्री-चित्रकारांची नावे त्यांच्या कामावरून कळतात, त्यांतील ही अगदी आरंभीची. तिच्याविषयी जे कळते ते एवढ्या एका ओळीवरून. कोणी केवळ देखणी चित्रे तेवढी छापली असती आणि शेवटचे पान रुक्ष म्हणून गाळले असते, तर ती स्त्री पुन्हा अंधारात गेली असती. या पोथीची यथामूल प्रत १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ते शेवटचे पान जगातील अनेक ग्रंथालयांत पोचले.

सारखे करणे हे काम सोपे मात्र नाही. फार पूर्वी मुळावर पातळ कागद ठेवून अक्षरे गिरवीत व त्यावरून तांब्याचे ठसे कोरीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछाप निघाला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी त्याच पद्धतीने मराठी ग्रंथ छापले. छायाचित्रणाचा शोध लागल्यावर माणसाच्या हाताची मध्यस्थी कमी झाली. काचेवर सरसाचा थर देऊन त्यावर छायाचित्र उतरवावयाचे व त्यावरून छापावयाचे, अशी एक पद्धत होती. तिच्यात छटा अखंड उतरत. आजच्या चौरंगी छपाईत रंग सूक्ष्म ठिपक्यांनी साधला जातो; भिंग धरले की ते ठिपके दिसतात. सोन्याचे तर निराळेच प्रकरण आहे. चार शाया कितीही मिसळल्या तरी सोने होत नाही, पिवळट तपकिरी रंग होतो. म्हणून सोनेरी वर्ख निराळा दाबून बसवावा लागतो. अहमदनगरच्या पोथीतील सोनेरी आकाश साध्या छपाईत मातकट का दिसते, याचे कारण हेच. युरोपातील पोथ्या कातड्यावर लिहिलेल्या. त्याच्या एका अंगाला केसांची मुळे दिसतात, दुसरे अंग गुळगुळीत असते. आपल्याकडचा कागद घोटून चकचकीत केलेला. प्रतीचा कागद त्या जातीचा नसेल, तर डोळ्यांची फसवणूक होईल, पण बोटांची होणार नाही.

हाताने केलेल्या प्रतींवर किती भिस्त ठेवावी, याचा धडा महाराष्ट्राला अजिंठ्याने दिला आहे. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून पुढे कित्येक वर्षे अजिंठ्यातील चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. लंडनजवळील स्फटिकप्रासादात लागलेल्या १८६६ च्या आगीत त्या जवळजवळ सर्व भस्मसात झाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. उरलेल्यांवरून व आधीच्या छायाचित्रांवरून त्यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. प्रती जळाल्या आणि मूळ राहिले, असा हा उलटा प्रकार. तरीही त्या नकलांचे मोल आहे. त्यानंतर मूळ भिंतीवरील रंगाचे जे कण गळाले, ते केवळ नकलेतच उरले आहेत. त्याचबरोबर असेही आहे, की नकलकाराचा हात तुटलेली रेषा नकळत जुळवितो. तेथे नेमके काय होते आणि काय त्याला दिसल्यासारखे वाटले, हे मागाहून निवडता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. राणीची यथामूल प्रत कशी करावी? एक पक्ष म्हणेल, की तिच्यावर अन्याय झाला. आज रंगांच्या थरांखाली पाहण्याची साधने आहेत, संगणकाच्या साहाय्याने लुप्त रेषा जुळविता येतात, तर तिला तिच्या सिंहासनावर पुन्हा का बसवू नये? या म्हणण्यातील न्यायबुद्धी आदरणीय आहे. परंतु तसे केल्यास त्या प्रतीत एक राजा व एक राणी सुखाने बसलेली दिसतील, आणि त्या दोघांवर पुढे काय गुदरले याची खूण उरणार नाही. तिचे वैभव चित्रकाराने लिहिले. तिचा ऱ्हास पुसणाराने लिहिला. दोन्ही लेख त्याच पानावर आहेत. पुसणाराचा लेख पुसून टाकणे म्हणजे हरताळावर दुसरा हरताळ फासणे होय. शिवाय जुळविलेले मुख हे खुंजा हुमायूनचे नसून जुळविणाराच्या कल्पनेचे असेल.

म्हणून योग्य मार्ग असा दिसतो, की प्रतीत पान जसे आहे तसेच, त्याच्या जखमेसह यावे. ज्यांना लुप्त आकृतीचा शोध घ्यावयाचा असेल त्यांनी तो अवश्य घ्यावा. परंतु तो वेगळ्या पानावर, हे अनुमान आहे असे सांगून, शेजारी ठेवावा. संशोधक लोक पाठभेद तळटीपेत देतात, मूळ ओळीत घुसडीत नाहीत. चित्राला तोच नियम लावावा, एवढेच.

यथामूल प्रतीची मर्यादाही ध्यानात असावी. तिच्यात वरचा थर दिसतो, खालचा दिसत नाही. रंग कोणत्या खनिजाचा, कागद कोणत्या धाग्यांचा, पुसण्याचे काम ओल्या बोळ्याने झाले की शस्त्राच्या टोकाने, हे मूळ पोथीच सांगू शकते. प्रत झाली म्हणून मुळाची काळजी कमी झाली, असे समजणे घातक होईल. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला व तेथील ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली, ही घटना फार जुनी नाही. पोथीला वाळवी व ओल यांपासून भय असते तसेच माणसाच्या रागापासूनही असते, हे खुंजा हुमायूनच्या चित्रांनी चारशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

इतके असूनही चांगल्या यथामूल प्रतीचे काम मोठे आहे. ती जिल्ह्याच्या ग्रंथालयात असली, तर करडीचा विद्यार्थी एका सकाळी निघून ती पाहू शकेल. तो पाने उलटील, सोनेरी आकाशाखालचे रण पाहील, वृक्षाला बहर आणणारी सुंदरी पाहील. मग सिंहासनाच्या पानाशी येऊन तो थांबेल. राजाच्या शेजारच्या त्या डागाकडे बोट करून तो ग्रंथपालाला विचारील, की येथे कोण बसले होते? आणि चांदबिबीच्या आईची हकीकत त्याला सांगावी लागेल.